जिउ-जित्सूसाठी दम आणि पकड : तालमीतला व्यायाम कितपत लागू पडतो?

प्रश्न – पांढरा पट्टा, पुणे

माझे वय 34 असून काम दिवसभर खुर्चीत बसून करण्याचे आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी मी जिउ-जित्सूच्या, म्हणजे जमिनीवर पकड आणि डाव लावण्याच्या कुस्तीसारख्या खेळाच्या, वर्गाला जातो. येत्या काही महिन्यांत मास्टर 1 गटात, म्हणजे तिशी ओलांडलेल्यांच्या पहिल्या गटात, गी (या खेळाचा जाड कापडी पोशाख) घालून स्पर्धेत उतरण्याचा विचार आहे. लढत पाच मिनिटांची असते. परंतु सरावात तिसऱ्या मिनिटालाच मला धाप लागते आणि त्याहून वाईट म्हणजे समोरच्याची कॉलर व बाही धरून धरून मनगटापासून कोपरापर्यंतचे हात असे भरून येतात की पकड आपोआप सुटते. पायांत ताकद शिल्लक असते, डावही सुचत असतो, पण बोटे मिटत नाहीत.

घराजवळ एक जुनी तालीम आहे आणि तेथील वस्तादांनी पहाटे येण्याची परवानगी दिली आहे. जोर, बैठका, दोर चढणे आणि आखाडा उकरणे हा तेथला रोजचा क्रम आहे. वर्गातील सहकारी मात्र रोज अर्धा तास बर्पी (खाली जाऊन लगेच उठून उडी मारण्याचा व्यायाम) आणि स्प्रिंट करायला सांगतात. दोन्ही करण्याइतका वेळ माझ्याकडे नाही. कुस्तीचा व्यायाम या खेळाला कितपत उपयोगी पडतो आणि दम व पकड यांसाठी नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद – तांबडी माती

माझा व्यायाम कोल्हापुरातील तालमीत घडला आणि आता मी मॅटवर ग्रॅपलिंग (पकडीची झुंज) शिकवतो, म्हणून दोन्हीकडचे सांगतो. वस्तादांनी स्वतःहून या म्हटले आहे तर जरूर जा, परंतु तेथील सगळा क्रम जसाच्या तसा उचलू नका.

जोर हा मुळात ढकलण्याचा व्यायाम आहे. त्याने खांदे, छाती आणि दंडाची मागची बाजू तयार होते, शिवाय कंबर आणि पाठ लवचीक राहते. बैठकांनी मांड्या भरतात. कुस्तीत उभ्याने भिडायचे असते आणि पाठ टेकली की निकाल लागतो, त्यामुळे तेथे हा पाया अचूक बसतो. जिउ-जित्सूत मात्र पाठ टेकल्यानंतरही निम्मा खेळ बाकी असतो. गार्डमध्ये आपण पाठीवर पडून समोरच्याला ओढतो, पायांनी आवळतो, कंबर उचलून कुशीवर वळतो, आणि ही ओढण्याची व आवळण्याची ताकद जोरांची संख्या वाढवून येत नाही. म्हणून आठवड्यातून दोन दिवस पुल-अप, रोइंग आणि डेडलिफ्ट यांना द्या, आणि त्यासोबत उताणे झोपून एका पायावर कंबर उचलण्याचा व्यायाम करा. वजन असे ठेवा की पाच-सहा वेळा नीट उचलता येईल आणि तरीही एक-दोन वेळांची ताकद शिल्लक राहील.

तालमीतल्या दोन गोष्टी मात्र आपल्यासाठीच असल्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे दोर. दुसरी म्हणजे आखाडा उकरणे, जिच्याकडे शहरातून आलेली मुले व्यायाम म्हणून पाहतच नाहीत. फावडे मारताना गुडघे किंचित वाकलेले ठेवून, पाठ सरळ राखून, कंबरेतून वाकायचे आणि माती आपल्याकडे ओढत मागे सरकत जायचे. ताक, तेल आणि हळद मुरलेली माती ओलसर असली की फावडे तिच्यात रुतून बसते, आणि ते सोडवताना मूठ, पाठ आणि मांड्यांची मागची बाजू एकाच वेळी कामाला लागते. एक हौदा (आखाड्याचा मातीचा चौक) पूर्ण उकरला की हात भरून येणे म्हणजे काय आणि ते सोसून काम कसे चालू ठेवावे, हे शरीराला कळते.

आता पकडीचे. कमाल ताकदीच्या मोठ्या हिश्श्याने मूठ सतत आवळून ठेवली की स्नायूंमधील रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त पुरेसे पोहोचत नाही आणि हात भरतात. त्यावर पहिला उपाय म्हणजे मुठीची कमाल ताकद वाढवणे, म्हणजे तेवढीच पकड शरीराला हलकी वाटेल. जुन्या गीच्या बाह्या बारवरून टाकून त्यांना 20 ते 30 सेकंद लटकावे, मध्ये पूर्ण विश्रांती घ्यावी आणि असे चार-पाच वेळा, आठवड्यातून दोनदा करावे. दुसरा आणि मोठा उपाय म्हणजे पकड सोडायला शिकणे. पकड घेतल्यावर लगेच ओढायचे नसेल किंवा समोरच्याला अडवायचे नसेल तर बोटे सैल करावीत. नवशिक्याची पकड बहुधा भीतीने आवळलेली असते आणि ती कोणत्याही व्यायामाने टिकत नाही.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला सहावे आले, तेव्हा त्यांना मॅटची सवय नव्हती. 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. मातीत कमावलेले शरीर मॅटवर चालते, पण मॅटचा सराव मॅटवरच करावा लागतो.

प्रतिसाद – फिजिओथेरपिस्ट, ठाणे

वरील सल्ला योग्य आहे. मी केवळ सावधगिरीचे सांगते. तालमीतील पोरांसोबत ईर्ष्येने पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारू नका. सवय नसताना असा भार पडला तर स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतील द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. मांड्या कमालीच्या सुजल्या किंवा लघवी गडद तपकिरी झाली तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. दहा-दहाच्या चार फेऱ्यांपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे.

पारंपरिक बैठक चवड्यांवर होते. गुडघ्याच्या वाटीमागे दुखत असेल तर टाचा जमिनीवर ठेवून खुर्चीच्या उंचीपर्यंतच खाली जावे. मान हा या खेळातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. डोक्यावर भार घेऊन ब्रिज (डोके व पाय टेकून अंगाची कमान) करण्याआधी काही आठवडे तळहाताने डोके चारही बाजूंनी अडवून, मान न हलवता, प्रत्येक बाजूला दहा-दहा सेकंद जोर लावावा. हातांत मुंग्या येत असतील तर ब्रिज अजिबात करू नये आणि आधी तपासून घ्यावे.

प्रतिसाद – जांभळा पट्टा, मुंबई

दमाविषयी माझे मत आपल्या सहकाऱ्यांपेक्षा वेगळे आहे. आठवड्यातून तीन वेळा मॅटवर रोल (जोडीदाराशी सरावाची लढत) करणारा माणूस धाप लागण्याचा व्यायाम पुरेसा करतच असतो. त्यावर रोजची बर्पी आणि स्प्रिंट चढवले तर थकवा साचतो आणि वर्गातले शिकणे बिघडते. एखादा जोरकस झटका पहिल्या काही सेकंदांत स्नायूंत साठवलेल्या शक्तीवर चालतो, पण ती शक्ती पुन्हा भरून काढण्याचे काम प्राणवायूवर होते. दोन झटक्यांमध्ये जो लवकर सावरतो तोच शेवटच्या मिनिटाला उभा असतो, आणि हे सावरणे संथ, लांब व्यायामाने सुधारते. पुण्यात राहून याची सोय नाही असे म्हणताच येणार नाही. आठवड्यातून एकदा आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढा आणि एकदा पाऊण तास सायकल चालवा, मात्र सोबतच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने. हे फार हलके वाटेल, तरी वेग वाढवू नका.

स्पर्धा सहा आठवड्यांवर आली की एका वर्गाच्या शेवटी पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या वाईट स्थितीतून सुरू करून खेळा: कधी साइड कंट्रोलच्या (समोरचा छातीवर आडवा दाबून असतो त्या स्थितीच्या) खाली, तर कधी समोरच्याला पाठ दिलेली. अशा वेळी बहुतेक जण श्वास रोखून धरतात आणि तेथेच दम जातो. जोर लावताना श्वास सोडायची सवय याच फेऱ्यांत लागते. शेवटच्या आठवड्यात सराव निम्म्यावर आणावा, पण त्याचा वेग कमी करू नये.

पहाटेची तालीम आठवड्यातून दोनदाच आणि वर्ग नसलेल्या दिवशी ठेवा. झोप कापून केलेला व्यायाम अंगी लागत नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकच शंका राहिली आहे. माझे वजन 77 किलो आहे आणि लाइट गटाची मर्यादा 76 किलो आहे. शेवटच्या दोन दिवसांत पाणी कमी पिऊन एक किलो उतरवावे का?

प्रतिसाद – तांबडी माती

मुळीच नाही. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांप्रमाणे होणाऱ्या स्पर्धांत वजन पहिल्या लढतीच्या अगदी आधी आणि गी घालून होते. गीच दीड ते दोन किलोंची असते, म्हणजे आपल्याला शरीराचे वजन साधारण 74 किलोंवर आणावे लागेल, आणि काट्यावर जास्त भरले तर लढत न खेळताच बाद. शिवाय वजनानंतर पाणी पिऊन सावरायला वेळच मिळत नाही. सुकलेल्या शरीराने हात आणखी लवकर भरतील. मिडल गट 82.3 किलोंपर्यंत आहे, त्यात निर्धास्त उतरा. वजन घटवण्याऐवजी दिवसाकाठी सव्वाशे ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जातील असे पाहा. दूध, अंडी, पनीर, डाळ आणि सोयाबीन यांतून ती मिळतात, महागड्या डब्यांची गरज नाही.

आज सराव संपल्यावर घामाने भिजलेल्या गीसह काट्यावर उभे राहा आणि आकडा येथे कळवा. खुराकाचा हिशेब त्यावरून मांडू.