मदत हवी आहे: एल्कसाठी (अमेरिकेतलं मोठं हरीण) कुठली काडतुसं? .३०-०६ की .३०० मॅग्नम, आणि गोळी किती ग्रेन वजनाची?

नमस्कार मंडळी. आधीच सांगून टाकतो, इथे भारतात काही करायचं नाहीये. १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच बरी, येऊरच्या बिबट्यांना माझ्याकडून काही धोका नाही. शिकार योग्य की अयोग्य यावर भांडायचं असेल तर प्लीज वेगळा धागा काढा, मी तिथे येऊन निमूट शिव्या खाईन.

तर झालंय असं की बायकोचा भाऊ कोलोराडोत असतो, दरवर्षी ऑक्टोबरात एल्कला जातो आणि मग वर्षभर त्यांच्या फ्रीजरमध्ये तेच मांस असतं. यंदा म्हणाला भावजी तुम्ही पण चला. कागदपत्रांचं चालू आहे, १ जानेवारी १९४९ ला किंवा नंतर जन्मलेल्या सगळ्यांना तिथे हंटर एज्युकेशनचा कोर्स लागतो तो करतोय. शिवाय टुरिस्ट व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत एरवी बंदूक हातात घेता येत नाही, पण तिथल्या एखाद्या राज्याचं चालू शिकारीचं लायसन असेल तर चालतं, म्हणजे लायसन आधी आणि बाकी सगळं मग.

माझा अनुभव म्हणाल तर ठाण्यात क्लबात दहा मीटर एअर रायफल, आणि अधूनमधून वरळीला जाऊन .२२ ने पन्नास मीटर, पालथं पडून. बस. कागदाच्या टार्गेटला फुप्फुसं नसतात.

मेहुण्याच्या गॅरेजमध्ये दोन रायफली आहेत, एक .३०-०६ आणि एक .३०० विनचेस्टर मॅग्नम. व्हिडिओ कॉलवर त्याने फळी दाखवली तर त्यावर १५० ग्रेन सॉफ्ट पॉइंटचा (टोकाला शिसं उघडं) अर्धा बॉक्स, १८० ग्रेन बाँडेडचे दोन, १६५ ग्रेन कॉपरचा (अख्खी तांब्याची गोळी) एक, आणि खाली हिरव्या पत्र्याच्या डब्यात जुनी लष्करी काडतुसं, तीही .३०-०६ चीच. मी विचारलं यातलं कुठलं, तर म्हणतो "काहीही घ्या हो, सगळी मारतात." आता याला काय बोलणार!

मला भीती एकाच गोष्टीची. आमचे आजोबा शहापूरकडचे, त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. एकदा सांबराला बार लागला पण पडलं नाही, रात्रभर कंदील घेऊन रक्ताच्या थेंबांमागे फिरले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्यात सापडलं तेव्हा गिधाडं आधीच बसलेली. आजोबा ही गोष्ट सांगताना कधीच शेवटापर्यंत पोचायचे नाहीत, मधेच पानाचा डबा उघडायचे. मला सावज जखमी करून पळवायचं नाहीये. एल्कची मादी सव्वादोनशे किलोची, नर तीनशेच्या वर, म्हणजे आपलं भलं मोठं सांबरच. मग सरळ मॅग्नम घ्यावी का? जाणकारांनी सांगा.

चरईकर_परदेशी
मी चरईतला, आता बरीच वर्षं मोंटानात. मॅग्नम अजिबात नको. तुम्ही आयुष्यभर .२२ उडवलीय, तिला धक्का असा नसतोच. .३०-०६ चा धक्का खांद्याला चांगला कळतो आणि .३०० चा त्याहून बराच जास्त, दहा राउंडनंतर बार निघायच्या आधीच डोळे मिटायला लागतात आणि ट्रिगर ओढण्याऐवजी हिसकला जातो. मग गोळी पोटात. पोटात लागलेली मॅग्नम काही कामाची नाही, फुप्फुसात लागलेली .३०-०६ पुरून उरते.

हिरव्या डब्याला हात लावू नका. ती फुल मेटल जॅकेट म्हणजे टोकापर्यंत धातूच्या कवचाची असणार, आत शिरून फुलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते. कोलोराडोत मोठ्या जनावरासाठी फुलणारीच गोळी लागते, सॉफ्ट नोज किंवा हॉलो पॉइंट, एल्कला कमीत कमी ८५ ग्रेन आणि शंभर यार्डावर १००० फूट-पाउंड ऊर्जा. तुमची १८० ग्रेन नळीतूनच साधारण २७०० फूट प्रति सेकंदाने निघते, ऊर्जा २९०० च्या आसपास, तेव्हा ती काळजी सोडा. डबा रेंजवर हात बसवायला वापरा, तेही रेंजवाले हो म्हणाले तर.

पारसिक_टेकडी
+१. फक्त ग्रेन बघू नका, गोळीची बांधणी बघा. ग्रेन म्हणजे नुसतं वजन, १८० ग्रेन म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आतबाहेर. साधी सॉफ्ट पॉइंट खांद्याच्या हाडावर आपटली की शिसं आणि तांब्याचं कवच वेगळं होऊ शकतं आणि गोळी वरच्यावर फुटते. १९४६ मध्ये जॉन नॉस्लरला कॅनडात मूसवर (एल्कहूनही मोठं हरीण) हाच अनुभव आला, चिखलाने माखलेल्या खांद्यावर गोळ्या आत जाईनात, त्यावरून त्याने मधे तांब्याचा पडदा असलेली पार्टिशन गोळी बनवली. बाँडेडमध्ये शिसं कवचाला चिकटवलेलंच असतं. म्हणून १५० वाला अर्धा बॉक्स हरणासाठी ठेवा.

कॉपर पण उत्तम आहे, तुकडे जवळजवळ होत नाहीत, वजन टिकतं, म्हणून १६५ ची कॉपर १८० शिशाचं काम करते. मटण घरी लहान मुलं खाणार असतील तर मी तीच घेईन, शिशाची गोळी फुटली की बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत मांसात जातात. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे.

कोपरीचा_काका
मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय. येऊरला मचाण बांधू नका म्हणजे झालं.

धागाकर्ता
काका 😀

बाँडेड १८० की कॉपर १६५, दोन्ही चालतील असं दिसतंय. मग ठरवायचं कसं? आणि झिरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी पडावी असं जुळवायचं, ते किती अंतरावर?

चरईकर_परदेशी
ते तुम्ही नाही, रायफल ठरवते. एकाच नळीला एक काडतूस आवडतं, दुसरं नाही, का ते विचारू नका. आठवडाभर आधी पोचा, दोन्हींचे तीन-तीन राउंड शंभर यार्डावर टाका, नळी मधे थंड होऊ द्या, ज्याचे तीन एकत्र पडतील ते घ्या आणि मग बदलू नका. झिरो २०० यार्डावर. त्या झिरोला १८० ग्रेन ३०० यार्डावर आठ-नऊ इंच खाली जाते, पण तुम्ही ३०० वर मारायचंच नाही. तुमचं अंतर २००, तेही स्टिकवर (रायफल टेकवायच्या काठ्या) टेकून, जनावर आडवं उभं असताना, पुढच्या पायाच्या मागे, उंचीच्या खालच्या तिसऱ्या भागात. पालथं पडून मारायची सवय विसरा, गवतातून काही दिसत नाही. घरी आत्तापासून गुडघ्यावर बसून रिकामी एअर रायफल रोखायची प्रॅक्टिस करा.

आणि दोन्ही फुप्फुसांत बसली तरी एल्क शंभर-दीडशे मीटर चालत जातं. धावू नका मागे. बार काढल्यावर बोल्ट लगेच फिरवून पुढचं काडतूस भरा, उभं असेल तर दुसरी द्या, आणि झाडीत गेलं तर अर्धा तास घड्याळ बघत बसा. आजोबांच्या सांबराच्या मागे बहुतेक लगेच निघाले असतील, मग बसलेलं जनावर उठून पुढे जातं.

धागाकर्ता
हे शेवटचं वाक्य वाचून जरा थांबलो. हो, लगेच निघाले होते. आजी म्हणायची, "यांना दम नाही."

मेहुण्याला कळवलंय की .३०-०६, १८० बाँडेड आणि १६५ कॉपर दोन्ही ठेव, मॅग्नम कपाटात. त्याला वाटतंय मी घाबरलो. केशरी जॅकेट त्याच्याकडचं बसत नाही, तिथे कमरेच्या वर ५०० चौरस इंच केशरी किंवा गुलाबी लागतं आणि डोक्यावर पण, बायको म्हणते गुलाबीच घ्या.

पारसिक_टेकडी
परत येताना त्या जॅकेटचे सगळे खिसे उलटे करून बघा, बॅगेचे पण. रेंजवर एखादं काडतूस खिशात राहतं आणि मुंबई एअरपोर्टला स्कॅनरमध्ये दिसतं, एक जिवंत राउंड सापडला तरी आर्म्स ॲक्टची केस होते. आठवण म्हणून रिकामी पुंगळीसुद्धा आणू नका, तिथे कोणाला समजावत बसणार.