मदत हवी आहे: सोसायटीत रॉटवायलर, लिफ्टमध्ये गुरगुरणं आणि कमिटीची नोटीस

प्रश्न (धागाकर्ता: पायवाट)

घरी 16 महिन्यांचा रॉटवायलर नर आहे, वजन 44 किलो. पुण्यात सातव्या मजल्यावर राहतो, इमारतीला दोन लिफ्ट आहेत. महापालिकेचा परवाना आहे, लसीकरण पूर्ण आहे, नसबंदी केलेली नाही. आजवर कुणालाही चावलेला नाही. अलीकडे मात्र लिफ्टचं दार उघडताच समोर कुणी उभं असलं की ताठरतो आणि गुरगुरतो. त्यावर लेखी तक्रार झाली आणि कमिटीने नोटीस दिली: 'या जातीवर सरकारची बंदी आहे, महिन्याभरात कुत्रा हलवा, तोवर लिफ्ट वापरू नका.'

विचारायचं ते असं:
1. बंदी खरंच आहे का? नोटिशीला काय उत्तर द्यावं?
2. गुरगुरणं कसं हाताळायचं? एका ट्रेनरने चोक चेन आणि झटके सुचवले आहेत.
3. मुसकं घालावं का? घातलं तर 'कुत्रा डेंजर आहे' हे आपणच कबूल केल्यासारखं होतं का?
4. नसबंदीने फरक पडेल का?

तो घरातच राहणार आहे, हे ठरलेलं आहे. त्यामुळे 'गावी सोडा' सोडून बाकी सगळे सल्ले हवेत.

कलमदान

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. 12 मार्च 2024 ला केंद्राच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना पत्र पाठवलं. त्यात 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवा, त्यांना परवाने देऊ नका आणि आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करा, असं म्हटलं होतं. त्या यादीत रॉटवायलर होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने 10 एप्रिल 2024 ला ते पत्र रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलेलं नव्हतं, हा त्यातला मोठा मुद्दा होता. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकलं नाही. आणि मुळात घरात असलेला कुत्रा हलवा, असं त्या पत्रातही कुठे म्हटलेलं नव्हतं. नियम बदलू शकतात, म्हणून उत्तर पाठवण्याआधी वकिलाकडून त्या दिवशीची स्थिती तपासून घ्या.

भारतीय पशुकल्याण मंडळाची 2015 ची मार्गदर्शक तत्त्वं छापून जोडा. बहुमताच्या ठरावानेही सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, मोठ्या जातीचा म्हणून वेगळा न्याय लावता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही, असं त्यात आहे. दोन लिफ्ट असतील तर त्यातली एक ठरवून देता येते. ही एक लिफ्ट तुम्ही स्वतःहून मागा, कमिटीलाही माघार घ्यायला जागा मिळते.

आता दुसरी बाजू. भारतीय न्याय संहितेचं कलम 291 प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाचं आहे: 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 2010 साली एकाला रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात मुंबईतल्या न्यायालयाने 2023 साली मालकाला 3 महिन्यांची शिक्षा सुनावली होती. आपल्या कुत्र्याची ताकद माहीत असताना काळजी घेतली नाही, हा तिथे कळीचा मुद्दा होता. म्हणून उत्तरात 'तो काही करत नाही' हे वाक्य अजिबात नको. परवान्याची आणि रेबीजच्या लसीच्या दाखल्याची प्रत जोडा आणि व्यवस्था लिहा: कोणती लिफ्ट, कोणत्या वेळा, कुत्र्याला फक्त कोणती प्रौढ माणसं नेणार, सामायिक जागेत मुसकं असणार. एक पान पुरे. पोच घ्यायला विसरू नका.

अंगणवाट

दुसरा आणि तिसरा प्रश्न माझ्या विषयातले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमचा कुत्रा गुरगुरतो आहे म्हणजे तो अजून सांगतो आहे. ते सांगणं मारून बंद केलं तर भीती तशीच राहते, फक्त इशारा जातो. मग 'अचानक चावला' अशी वेळ येते. चोक चेनच्या झटक्यात आणखी एक अडचण आहे. माणूस दिसला की मान आवळते, हे चार-पाचदा झालं की कुत्र्याच्या लेखी दुखण्याचं कारण तो माणूस ठरतो. अशा झटक्यांमागे बहुतेकदा 'अल्फा बना', म्हणजे मालकाने कुत्र्यावर वर्चस्व गाजवावं, ही कल्पना असते. ती 1947 साली प्राणी-वर्तनाचे अभ्यासक रुडोल्फ शेंकेल यांनी बंदिस्त लांडग्यांवर केलेल्या निरीक्षणांतून पसरली. ती पुढे लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी स्वतःच नंतर ती खोडून काढली. त्या ट्रेनरला नम्रपणे नकार द्या.

लिफ्टच का? जागा अरुंद, मागे हटायला वाट नाही आणि दार उघडताच हातभर अंतरावर अनोळखी चेहरा. त्यात 16 महिने हे वयच असं आहे, की राखणीच्या जातींमध्ये अनोळखी माणसाबद्दलचा संशय या सुमाराला वाढतो. दोन-तीन वर्षांपर्यंत तो मनाने पक्का होत नाही. पिल्लू असताना सगळ्यांशी खेळायचा, हा आता पुरावा धरू नका.

आजपासून पहिलं काम एवढंच, की तो प्रसंग घडू द्यायचा नाही. प्रत्येक वेळी गुरगुरल्यावर समोरचा माणूस मागे सरतो आणि कुत्र्याचा धडा पक्का होतो. लिफ्ट रिकामी असेल तरच आत जायचं. त्याला मागच्या कोपऱ्यात, दाराकडे पाठ करून बसवा. तुम्ही त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहा, चिकनचे तुकडे गुडघ्याच्या उंचीवर देत राहा. मधल्या मजल्यावर दार उघडलं तर 'पुढची घ्या प्लीज' म्हणायचं आणि बटण दाबायचं. शक्य असेल तर घरातलं दुसरं कुणी तळमजल्यावर आधी उतरून वाट मोकळी आहे का ते बघून फोन करू दे. सात मजले रोज जिन्याने उतरवू नका, या वजनाच्या वाढत्या कुत्र्याच्या कोपरांवर आणि खांद्यांवर भार येतो.

शिकवणं लिफ्टबाहेर सुरू होतं. पार्किंगमध्ये किंवा मैदानाच्या कडेला असं अंतर शोधा, जिथे त्याला माणूस दिसतो पण तो खाणं सहज घेतो. बहुतेक 10–12 मीटर लागतील. माणूस दिसला की लगेच वाटाण्याएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा, माणूस दिसेनासा झाला की देणं बंद. क्रम महत्त्वाचा: आधी माणूस, मग तुकडा. उलटं केलंत, तर पिशवीत हात गेला की माणूस येतो, असं तो शिकेल. पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. माणूस दिसताच तो स्वतःहून वळून तुमच्याकडे बघू लागला आणि दहापैकी आठ वेळा असं झालं, की मीटरभर पुढे सरका. खाणं घेत नाही, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, तोंड मिटून पुतळ्यासारखा थिजतो, यातलं काहीही दिसलं की तुम्ही फार जवळ आला आहात. मागे फिरा. या 'मागे फिरा'चा घरातच सराव करा, शब्द ऐकताच तुमच्याबरोबर गर्रकन वळला पाहिजे.

मग लिफ्टचं दार नुसतं उघडण्या-मिटण्याचा सराव, समोर कुणी नसताना. त्यानंतर एक ओळखीचा माणूस समोर 5 मीटरवर, बाजूला तोंड करून उभा. मग 4, मग 3. हे काम काही महिन्यांचं आहे. घाई इथेच नडते: एक आठवडा चांगला गेला की लोक थेट भरलेल्या लिफ्टमध्ये शिरतात.

मुसकं जरूर घाला, आणि कबुलीचा विचार मनातून काढा. बिबव्याच्या डागासारखं ते कुत्र्याला आयुष्यभर चिकटत नाही. शेजाऱ्याला धीर येतो, तुमचा हात सैल राहतो आणि सैल पट्ट्यावर कुत्राही शांत असतो. मात्र ते जाळीचं, टोपलीसारखं हवं. आत तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. कापडाची किंवा नायलॉनची घट्ट पट्टी तोंड मिटून ठेवते. कुत्रा अंगातली उष्णता धापा टाकूनच बाहेर काढतो, त्यामुळे आपल्या उन्हात ती पट्टी जिवावर बेतू शकते. माप घेताना डोळ्यांच्या खालच्या रेषेपासून नाकाच्या टोकापर्यंत लांबी अधिक एक सेंटिमीटर, आणि नाकाड्याचा घेर तोंड थोडं उघडं असताना.

सवय लावताना आधी मुसकं वाटीसारखं धरून आत तळाला दही लावा, त्याने स्वतः नाक घालायला हवं. तीन-चार दिवस फक्त हेच. मग नाक आत असताना पट्टा मानेमागे टेकवून काढा. मग बंद करून दोन सेकंद, दहा सेकंद, एक मिनिट, जाळीतून तुकडे देत. मग घरात चालणं, मग बाहेर. पंजाने ओढू लागला तर तुम्ही पायरी गाळली आहे. डॉक्टरकडे जातानाच घातलं तर ते सुईचं चिन्ह होतं, म्हणून खेळाआधी आणि जेवणाआधीही घाला.

पट्टा दीड ते पावणेदोन मीटरचा, बोटभर रुंद, पितळी हुकाचा. दोन ठिकाणी अडकवा: छातीवर कडी असलेला हार्नेस आणि साधा गळपट्टा, म्हणजे एक हुक तुटला तरी दुसरा असतो. लांबत जाणारा दोरीचा पट्टा या वजनाला नकोच, धाव घेतली तर दोरी हात कापते किंवा तुटते. फास अंगठ्यात धरा, मनगटाला गुंडाळू नका. आणि पगारी फिरवणाऱ्या मुलाच्या हातात, इतर दोन कुत्र्यांबरोबर, हा कुत्रा कधीही देऊ नका.

पशुवैद्यक

वागणं अलीकडे बदललं आहे, तर आधी दुखणं तपासा. या जातीत खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्यांचे दोष बरेच आढळतात. गुंगी देऊन एक्स-रे काढा, कान बघा, गोचीड-तापासाठी रक्त तपासा. दुखऱ्या कुत्र्याला शिकवून फार उपयोग होत नाही.

नसबंदीने भटकणं आणि जागोजागी मुतणं कमी होतं. भीतीतून येणारं गुरगुरणं तिने जाईलच असं नाही, काही नरांत ते वाढतं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या रॉटवायलरांत हाडांच्या कर्करोगाचा धोका जास्त दिसला होता. तुमचं ते वय टळलं आहे. आधी सांधे बघा, पैदास करायची नसेल तर तो दीड वर्षाचा झाल्यावर नसबंदी करून घ्या, पण लिफ्टवरचा उपाय म्हणून करू नका.

कॅल्शियमचं सरबत चालू असेल तर आजच बंद करा. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीच्या खाद्यात ते पुरेसं असतं, वरून दिलेलं वाढत्या हाडांना बाधतं. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत, डोळ्यांनी दिसू नयेत. जेवण दोन वेळा, आणि जेवणानंतर तासभर धावपळ नाही, कारण पोट फुगून पीळ पडण्याचा धोका या बांध्यात असतो. उन्हाळ्यात फिरणं सकाळी सातच्या आत. रेबीजची लस दरवर्षी. आणि कधी दात लागलाच, तर लस झालेला कुत्रा असला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवून त्या माणसाला लगेच दवाखान्यात न्या.

तिसरा मजला

सगळं पटतं. पण ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी घाबरू नये, असंही म्हणता येणार नाही ना? बातम्यांत याच जातीचं नाव येतं.

अंगणवाट

भीती रास्त आहे, तिला हसू नये. अमेरिकेत 1979 ते 1998 या काळातल्या जीवघेण्या हल्ल्यांच्या पाहणीत 238 मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक घटनांत पिटबुल प्रकारचे कुत्रे आणि रॉटवायलर होते. हे लपवून जातीची बाजू मांडता येत नाही. त्याच पाहणीत किमान 25 जाती सापडल्या, आणि कोणत्या जातीचे एकूण किती कुत्रे आहेत हे माहीत नसल्याने जातीचा धोका मोजता येत नाही, असंही लेखकांनीच लिहिलं. 2022 साली 18 हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासात वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीने उलगडला. एखादा कुत्रा कसा वागेल, ते नुसत्या जातीवरून सांगता येत नाही. चावला तर किती इजा होईल, ते वजनावरून आणि जबड्यावरून ठरतं. म्हणून पॉमेरेनियनला जी ढिलाई चालून जाते ती इथे चालत नाही.

जर्मनीतल्या रॉटवाइल गावच्या खाटकांचे हे कुत्रे. गुरं हाकायचे, मांसाच्या गाड्या ओढायचे. रेल्वे आली तसं ते काम गेलं, 1910 च्या सुमारास पोलिसांनी त्यांना घेतलं. दिवसभर माणसाबरोबर राबण्यासाठी घडवलेला प्राणी बाल्कनीत साखळीला बांधला की तो बिघडतो, आणि नाव जातीचं खराब होतं. तुमच्या मुलांना एवढंच शिकवा: त्याच्याकडे धावायचं नाही, टक लावून बघायचं नाही, मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही.

पायवाट (धागाकर्ता)

मनापासून आभार. उत्तराचा मसुदा आज लिहितो, मुसक्याचं मापही घेतलं. एकच उरलं: गणपतीत पाच दिवस घरी सतत माणसं येतात, दार उघडंच असतं. तेव्हा काय करावं?

अंगणवाट

पाहुण्यांशी ओळख करून द्यायला सण ही चुकीची वेळ आहे. आतली एक खोली त्याची ठरवा आणि आतापासून रोज अर्धा तास, चघळायला काहीतरी देऊन, दार लोटून तिथे राहायची सवय लावा. त्या दाराबाहेर लहान मुलांसाठी मिळतं तसं कमरेएवढं फाटकही लावा, म्हणजे एक दार चुकून उघडलं तरी दुसरं मध्ये राहतं. आरतीच्या वेळी झांजांचा आवाज सुरू होण्याआधी त्याला आत न्या, पंखा आणि टीव्ही चालू ठेवा, सकाळी लवकर लांब फिरवून आणा. खोलीची किल्ली घरातल्या एकाच प्रौढ माणसाच्या खिशात असू दे. मोदक, मनुका आणि चॉकलेट त्याच्यापर्यंत पोचू देऊ नका. पाचही दिवस तो पाहुण्यांना भेटला नाही तर त्याचं काहीही बिघडत नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत मात्र त्याला नेऊ नका, खाली गेटपर्यंतसुद्धा नाही.