मदत हवी आहे: सरांचे एकूण सायटेशन नेमके किती? (शुक्रवारी छपाई!)

उद्यमनगरकर
नमस्कार. घाईत आहे म्हणून थेट मुद्द्यावर येतो. सरांच्या पंचाहत्तरीच्या गौरवअंकात पान ४ वर 'संशोधनकार्य' अशी चौकट आहे. त्यात एकूण सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या लेखांत सरांच्या पेपरांचे दिलेले संदर्भ) आणि त्यावरून काढतात तो एच-इंडेक्स टाकायचाय. गूगल स्कॉलर (गूगलची शोधनिबंध शोधायची सोय) दाखवतंय २३१६ आणि २१. स्कोपस (निवडक नियतकालिकांतल्या लेखांची नोंदयादी) दाखवतंय १४३ आणि ६. रिसर्चगेटवर, म्हणजे संशोधकांच्या संकेतस्थळावर, तिसराच आकडा. यातला खरा कुठला? छापखानेवाले शुक्रवारी पान लावून टाकणार आहेत. कार्यक्रम शाहू स्मारकात आहे आणि पाहुणे तो आकडा माईकवर वाचणार आहेत. कृपया उत्तर द्या, लिंका नकोत.

तांबडा_पांढरा
कोण सर? कशातले?

उद्यमनगरकर
मेडिकलचे. पॅथॉलॉजी. पाटील सर.

तांबडा_पांढरा
भावा, कोल्हापुरात 'ओ पाटील' म्हणून हाक मारली तर अख्खी गल्ली वळून बघती. पुढचं काहीतरी सांगशील का?

उद्यमनगरकर
पूर्ण नाव इथं टाकायला समितीची परवानगी नाही. पण नावाशी काय संबंध? मला फक्त स्कॉलर खरं की स्कोपस खरं एवढंच हवंय.

डॉ_निपाणीकर
प्रमोशनसाठी हवं असेल तर दोन्हीचा उपयोग नाही. एनएमसीच्या (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या) २०२२ च्या शिक्षक-पात्रता नियमांत पेपर मेडलाइन, पबमेड सेंट्रल, स्कोपस, एम्बेस, डीओएजे वगैरे नोंदयाद्यांपैकी कुठेतरी असलेल्या जर्नलमधला लागायचा. तुमचं नाव पहिल्या तीन लेखकांत हवं, नाहीतर तुम्ही करस्पाँडिंग ऑथर (पेपरचा पत्रव्यवहार बघणारा लेखक) हवेत. एच-इंडेक्स कुणी विचारत नाही. २०२५ मध्ये नवे नियम आलेत, तेही वाचून घ्या.

उद्यमनगरकर
मॅडम, सर निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. प्रमोशन कसलं?

प्राध्यापक_वारणा
यूजीसी केअर यादीत (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांच्या यादीत) जर्नल आहे का ते आधी तपासा. नसेल तर पेपर धरूच नका.

डॉ_निपाणीकर
अहो, ती यादीच यूजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत बंद केली. आणि सरांचे पेपर त्या यादीच्या कितीतरी आधीचे असणार.

प्राध्यापक_वारणा
बंद केली म्हणून निकष चुकीचा होता असं होत नाही.

ग्रंथपाल_ताई
उद्यमनगरकर, थोडं थांबा. चार गोष्टी सांगा. सरांचे पेपर साधारण कोणत्या सालांतले? एकूण किती? स्कॉलरवरचं प्रोफाइल सरांनी स्वतः काढलंय का? आणि त्या प्रोफाइलवर सगळ्यात वर कुठला पेपर दिसतो?

उद्यमनगरकर
१९७९ ते २००४. एकूण किती ते सरांनाच आठवत नाही, 'असतील बारा-पंधरा' म्हणाले. स्कॉलरवर मात्र ९० दिसतात. प्रोफाइल माझ्या भाच्यानं काढलं दोन वर्षांपूर्वी, तो पुण्यात आयटीत आहे. सगळ्यात वरचा पेपर झिंक ऑक्साइडच्या थिन फिल्मचा, गॅस सेन्सरवर. एकट्याचे ६४० सायटेशन. मला वाटलं लॅबच्या टेस्टिंगचं काहीतरी असेल.

तांबडा_पांढरा
😂😂😂 नाद खुळा!

ग्रंथपाल_ताई
तो पेपर तुमच्या सरांचा नाही. आपल्या शिवाजी विद्यापीठाचं फिजिक्स थिन फिल्मसाठी (पदार्थांच्या अतिपातळ थरांसाठी) नावाजलेलं आहे, आणि तिथंही पाटील भरपूर. आद्याक्षरं जुळली की स्कॉलर विचारतं, 'हा तुमचा का?' भाच्यानं 'आपोआप जोडा' हा पर्याय चालू ठेवला असणार. मग दुसऱ्या पाटलांचे पेपर येऊन सरांच्या पानावर बसतात. खाली जाऊन बघा, ऊसाच्या खोडकिडीवरचाही एखादा सापडेल.

उद्यमनगरकर
खोडकिडीचा नाही. पण बेदाण्याच्या वाळवणीवर दोन आहेत. आणि एक काँक्रीटवर.

सांगलीचा_बाप्पा
बेदाणे म्हणजे आमचे तासगावचे पाटील. परत करा.

ऑर्किड_नाही_ऑर्सिड
हे सगळं टाळायला ऑर्सिड काढा! प्रत्येक संशोधकाचा वेगळा १६ आकडी ओळख क्रमांक, फुकट, २०१२ पासून आहे. प्रत्येक संशोधकाला सक्तीचा केला पाहिजे. मी माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी काढायला लावतो.

ग्रंथपाल_ताई
ऑर्सिड चांगलंच आहे, पण १९७९ च्या पेपरवर तो छापलेला नसतो. शुक्रवारच्या आत पंचाहत्तरीच्या माणसाला नवा पासवर्ड लक्षात ठेवायला कोण लावणार?

कॅल्क्युलेटर
सोपा उपाय सांगतो. ज्या ज्या जर्नलमध्ये पेपर आलेत त्यांचे इम्पॅक्ट फॅक्टर एकत्र करा आणि 'एकत्रित इम्पॅक्ट फॅक्टर' म्हणून छापा. आमच्याकडे सगळे असंच करतात.

डॉ_निपाणीकर
आणि म्हणूनच आपल्याकडे असं चालतं. इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाचा असतो, माणसाचा नाही. मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती उल्लेख मिळाले एवढंच तो सांगतो. यूजीन गारफिल्डनी ही कल्पना काढली ती कुठली नियतकालिकं निवडायची हे ठरवायला. जर्नलचे आकडे बेरीज करून डॉक्टरच्या गळ्यात घालणं म्हणजे तालमीतल्या सगळ्या पैलवानांचं वजन मोजून एकट्याच्या नावावर लिहिणं.

कॅल्क्युलेटर
मग एच-इंडेक्स तरी काय वेगळा आहे?

गोकुळातला
एच-इंडेक्स मी सांगतो. डेअरीला दूध घालणाऱ्याला लगेच कळंल. गोठ्यात दहा म्हशी. त्यातल्या पाच म्हशी प्रत्येकी पाच लिटर किंवा जास्त देतात, बाकीच्या त्याच्या आत. तर तुमचा एच पाच. एखादी मुऱ्हा वीस लिटर देती म्हणून एच वाढत नाही. सहावीनं सहा लिटर द्यायला लागली आणि आधीच्या पाचही सहावर गेल्या, मगच सहा. ही युक्ती २००५ मध्ये हिर्श नावाच्या फिजिक्सवाल्यानं काढली.

तांबडा_पांढरा
पहिल्यांदाच कळालं. पण पंढरपुरी म्हशीवर अन्याय झाला.

गोकुळातला
पंढरपुरीच्या दुधाला फॅट बघा की. ते एच-इंडेक्समध्ये येत नाही, हाच तर घोळ आहे.

ग्रंथपाल_ताई
मूळ प्रश्नाकडे येते. स्कॉलर खरं की स्कोपस, हा प्रश्नच चुकतोय. दोघांची मोजदाद वेगळी असते. स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, परिषदांची इतिवृत्तं, कुणाच्या वेबसाइटवरच्या पीडीएफ, सगळंच धरतं, म्हणून तिथं आकडा सहसा जास्त. स्कोपस निवडक नियतकालिकं धरतं. शिवाय स्कोपसमध्ये संदर्भसूच्या आधी फक्त १९९६ पासूनच्या होत्या, मागच्या, १९७० पर्यंतच्या, नंतर भरायला घेतल्या. त्यामुळे सरांच्या पेपरला १९८५ मध्ये कुणी संदर्भ दिला असेल, तर तो तिथं असेलच असं नाही. पबमेड (वैद्यकीय लेखांची ऑनलाइन नोंदयादी) यात आणू नका, पेपर शोधायला ते उत्तम आहे, पण सायटेशन मोजण्यासाठी ते नाही.

आता करायचं असं. सरांकडून किंवा घरातून जुना बायोडाटा मिळवा, पेपरांच्या नावांसकट. पबमेडवर आडनाव-आद्याक्षरांनी शोधून उपयोग नाही, २००२ च्या आधीच्या नोंदींत लेखकाचं पूर्ण नावच नसतं. पेपरचं शीर्षक टाकून शोधा. मग प्रत्येक शीर्षक स्कॉलरवर अवतरणचिन्हांत टाका, खाली 'सायटेड बाय' पुढे जो आकडा येईल तो वहीत लिहा, बेरीज करा. चौदा-पंधरा पेपर म्हणजे तासाभराचं काम. आणि छापताना 'गूगल स्कॉलरनुसार, अमुक तारखेस' एवढं लिहाच.

उद्यमनगरकर
ताई, एक अडचण सांगायची राहिली. निमंत्रणपत्रिका आधीच वाटल्यात. त्यात 'ज्यांच्या संशोधनाची जगभरात दोन हजारांहून अधिक वेळा दखल घेतली गेली' असं छापलंय.

तांबडा_पांढरा
आता सांगतोस व्हय.

कॅल्क्युलेटर
मग राहू द्या की २३१६. शाहू स्मारकात कोण उठून मोजणार आहे?

डॉ_निपाणीकर
समोर निम्मे डॉक्टर बसलेले असतील. एकानं जरी फोनवर उघडलं तर? थिन फिल्मवाले पाटील सरही सभागृहात असू शकतात.

महाडकर_नव्हे
अवांतर होईल, पण बोलतो. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी महाडच्या सरकारी दवाखान्यात विंचूदंशाचे पेशंट बघत बघत १९८२ मध्ये लॅन्सेट या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाला लिहिलं. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचवाच्या विषावर चालतं हे दाखवून दिलं. कोकणात त्यामुळे वाचलेल्या माणसांनी काय सायटेशन दिलं का? ओआरएसवाले डॉ. महालनबीस घ्या. १९७१ मध्ये पश्चिम बंगालातल्या बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेचं पाणी देऊन कॉलरा आवरला, पेपर आला १९७३ ला. ते मोजायचं तर मुलं मोजावी लागतील.

प्राध्यापक_वारणा
भावनिक मुद्दा आहे. उद्या प्रत्येक जण म्हणेल माझं काम मोजता येत नाही. मोजमाप नको म्हणणारे बहुतेक वेळा ज्यांचं मोजमाप कमी येतं तेच असतात.

महाडकर_नव्हे
जगात सर्वांत जास्त सायटेशन मिळालेला पेपर माहितीय का? १९५१ चा, प्रथिनं मोजायच्या पद्धतीचा, लाउरींचा. तीन लाखांच्या वर. म्हणजे तो डीएनएच्या शोधापेक्षा मोठा झाला का?

प्राध्यापक_वारणा
उपयोगी आहे म्हणून वापरला गेला. मग माझाच मुद्दा सिद्ध झाला.

सांगलीचा_बाप्पा
कार्यक्रमानंतर जेवण आहे का? कुणाकडं दिलंय?

उद्यमनगरकर
(बुधवार, रात्री ११) काम झालं. काकूंकडून जुनी फाइल मिळाली. १४ पेपर निघाले. ताईंनी सांगितलं तसं एकेक टाकून मोजलं, १८७ आले. एच-इंडेक्स ७. स्कोपसवर सरांची दोन खाती निघाली, एकात ११ पेपर, दुसऱ्यात ३, एका ठिकाणी नावात एक आद्याक्षर कमी आहे. दोन्ही मिळून १६२.

अध्यक्षांना फोन केला. आधी ते चिडले, 'दोन हजारांचे दोनशे पण नाहीत?' म्हणाले. मग मी थिन फिल्मचं सांगितलं तर पाच मिनिटं हसत होते. पत्रिकेचं काय करायचं ते ते बघणार आहेत.

सरांना विचारलं चौकटीत काय टाकू. म्हणाले, ते १८७ कशाला टाकतोस, त्यातले पाच-सहा मीच माझ्या पुढच्या पेपरात दिलेत.

डॉ_निपाणीकर
सेल्फ-सायटेशन स्वतःहून सांगणारे सर असतील तर मला पण पत्रिका पाठवा.

ग्रंथपाल_ताई
छान केलंत. भाच्याला ते 'आपोआप जोडा' बंद करायला सांगा, आणि परके पेपर काढून टाकायला. प्रोफाइल ज्याच्या खात्यात आहे त्यालाच ते करता येतं.

उद्यमनगरकर
ताई, अजून एक. फाइलच्या तळाशी एक बिस्किटाचा डबा होता. त्यात छापील पोस्टकार्डं, चाळीस-पन्नास तरी. 'आपल्या अमुक लेखाची प्रत पाठवावी' अशी. क्युबा, ब्राझील, हंगेरी, पाकिस्तानातून एक. लेखाचं नाव हातानं भरलंय. काकू म्हणाल्या, सर प्रत्येकाला प्रत पाठवायचे, पोस्टाचा खर्च पगारातून.

ग्रंथपाल_ताई
रीप्रिंट मागणीची कार्डं! इंटरनेटच्या आधी असंच चालायचं. करंट कंटेंट्समध्ये (जर्नलांच्या अनुक्रमणिका छापणाऱ्या साप्ताहिकात) शीर्षक वाचायचं, तिथलाच पत्ता उतरवायचा आणि कार्ड टाकायचं. फोटोकॉपी मिळायची सोय नसलेल्या देशांतून जास्त यायची. हे कुठल्याच आकड्यात धरलेलं नाही. चौकटीत तेच लावा, चारपाच कार्डांचे फोटो.

कॅल्क्युलेटर
म्हणजे सायटेशन १८७ अधिक कार्डं ५० धरून २३७?

डॉ_निपाणीकर
नाही.

उद्यमनगरकर
पान ४ वर कार्डं लावतोय, छापखान्यात आत्ताच सांगितलं. त्यांनी स्कॅन ३०० डीपीआयला मागितलेत. पण एका कार्डाची भाषा कळत नाहीये, ओळ टाकायची तर देश कळायला हवा. स्टॅम्प फाटलाय. पोलिश आहे की चेक? फोटो टाकतोय. उद्या सकाळी १० च्या आत सांगा.

तांबडा_पांढरा
फोटो दिसत नाहीये भावा.