घरी ३०० एमबीपीएस मिळत असताना विद्यापीठांना वेगळं नेटवर्क कशाला?

भीमथडी:
नॅशनल नॉलेज नेटवर्क, म्हणजे एनकेएन, मार्च २०१० मध्ये मंजूर झालं. दहा वर्षांसाठी ५,९९० कोटी रुपये. आयआयटी, विद्यापीठं, संशोधन संस्था गिगाबिटच्या वेगाने (१ गिगाबिट म्हणजे १,००० एमबीपीएस) एकमेकांना जोडायच्या, हा हेतू. तेव्हा ते योग्यच होतं. आज आमच्या गल्लीत ३०० एमबीपीएसचं फायबर आहे. माझं मत असं की वेगळं सरकारी जाळं पोसण्यापेक्षा संस्थांना पैसे द्या आणि बाजारातून हवी ती लाइन घेऊ द्या. डेटा खरोखरच प्रचंड असेल तर हार्ड डिस्क पाठवा. २०१९ मध्ये एम-८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमा आली, तिचा डेटा विमानानेच नेला होता ना? वाचलेला पैसा प्रयोगशाळांवर आणि रिकाम्या पडलेल्या प्राध्यापकांच्या जागांवर खर्च होऊ दे. विरोध जरूर करा, पण आकडे घेऊन या.

रेडिओवेडी:
घ्या आकडे. पुण्याजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचा डेटा वापरून माझी पीएचडी चालू आहे. ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. काही तासांचं निरीक्षण शेकडो जीबीत जातं. १ टीबी डेटा १०० एमबीपीएसवर यायला २२ तास लागतात, १ गिगाबिटवर सव्वादोन तास. हेही लाइन पूर्ण मोकळी असेल तर. आणि एकदा डेटा आणून भागत नाही. कॅलिब्रेशन, म्हणजे उपकरणांतल्या त्रुटींची दुरुस्ती, चुकलं की मधल्या फाइल्स पुन्हा हलवा, मार्गदर्शकांना पाठवा, दुसऱ्या संस्थेतल्या सहकाऱ्याला द्या.

कृष्णविवराचं उदाहरण तर तुमच्याच विरोधात जातं. निरीक्षणं एप्रिल २०१७ ची. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणीच्या डिस्क तिथला हिवाळा सरेपर्यंत हलवताच आल्या नाहीत, त्या पोचल्या डिसेंबरात. तेवढ्या डेटासाठी सगळे थांबले होते. तिथे डिस्क पाठवणं हा नाइलाज होता. जिथे फायबर टाकता येतं तिथे तो नाइलाज मुद्दाम का ओढवून घ्यायचा?

तंतुवाय:
मी एका विद्यापीठाचं नेटवर्क सांभाळतो. भीमथडी, घरच्या लाइनवर सिनेमा झकास दिसतो, कारण तो बहुतेक वेळा जवळच्याच सर्व्हरवरून येतो. संशोधनाचा डेटा लांबून येतो आणि लांबच्या रस्त्यावर खरा घात करते ती गळती. समजा मुंबई-जिनिव्हा जाऊन-येऊन १५० मिलिसेकंद लागतात आणि दहा हजारांत एक पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, हरवतं. टीसीपी, म्हणजे हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवणारी आणि गळती दिसली की वेग कमी करणारी इंटरनेटची नियमावली, तिच्या जुन्या, रूढ पद्धतीच्या गणिताने एका जोडणीवर जेमतेम १० एमबीपीएस पदरात पडतात. मग लाइन १ गिगाबिटची असो की १० गिगाबिटची. आपल्याकडे मुंबईची टीआयएफआर ही संशोधन संस्था जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या सीएमएस प्रयोगाचं टिअर-२, म्हणजे दुसऱ्या फळीतलं, डेटा केंद्र चालवते, कोलकात्याची व्हीईसीसी ही संस्था अॅलिस प्रयोगाचं. ही कामं होतात ती अशी गळती सतत शोधून बुजवणारी माणसं त्या जाळ्यावर असतात म्हणून.

तुम्ही म्हणता ते अमेरिकेने करून पाहिलंय. एनएसएफनेट या तिथल्या सरकारी संशोधन जाळ्याचा कणा १९९५ मध्ये बंद केला आणि वाहतूक खाजगी कंपन्यांकडे गेली. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, ३४ विद्यापीठांनी एकत्र येऊन इंटरनेट-२ हे स्वतःचं जाळं सुरू केलं.

मात्र माझी तक्रार आमच्याच घरात आहे. एनकेएनची लाइन सर्व्हर रूममध्ये १ गिगाबिटने येते. तिथे फायरवॉल, म्हणजे सुरक्षेची चौकी, एकेक पॅकेट उघडून बघते. त्यातून सुटलेला डेटा पदार्थविज्ञान विभागाच्या जिन्याखाली जातो. तिथे १०० एमबीपीएसचा जुना नेटवर्क स्विच (संगणकांना लाइन वाटून देणारा डबा) आहे, पंखा बंद, वर बोटभर धूळ. संशोधक विद्यार्थी शिव्या घालतो एनकेएनला! अमेरिकेच्या ईएसनेट या संशोधन जाळ्याने यावर सायन्स डीएमझेड नावाची मांडणी रूढ केली आहे. डेटा हलवणारा सर्व्हर विद्यापीठाच्या वेशीवरच ठेवायचा, ठरलेल्या पत्त्यांनाच आत सोडायचं आणि हॉस्टेलची, कार्यालयाची वाहतूक त्याच्या वाटेत येऊ द्यायची नाही. यात नवं फायबर लागत नाही. निर्णय घेणारा माणूस लागतो.

मराठवाड्याची लेक:
तुम्हा सगळ्यांचं भांडण मोठ्या संस्थांचं आहे. मी तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शिक्षणसंस्थांना इंटरनेट देणाऱ्या केंद्राच्या एनएमईआयसीटी योजनेत विद्यापीठांना १ गिगाबिट आणि कॉलेजांना ५१२ केबीपीएसच्या, म्हणजे जेमतेम अर्ध्या एमबीपीएसच्या, जोडण्या, असा हिशेब होता. पदवीची बहुतेक मुलं तर कॉलेजांतच असतात! जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’खाली सरकारी संस्थांना परदेशी जर्नल्स खुली झाली, हे फार चांगलं झालं. पण चाळीस मुलांनी एकदम शोधनिबंध उघडले की वायफाय बसतं. आमच्या भागात औंढा नागनाथला लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा येतेय. एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर झाले. तिथून निघणारा डेटा पुण्याला नीट पोचेल याची मला खात्री आहे. मला जिल्ह्यातल्या कॉलेजांची काळजी आहे. कणा मजबूत करा, पण त्यातून आम्हाला फाटा कधी देणार तेही सांगा. आणि तीन-चार कॉलेजांत मिळून तरी एक जाणकार तंत्रज्ञ द्या. सध्या राउटर बंद पडला की प्रयोगशाळा परिचर धावतात.

भीमथडी:
ताई, तुमचा मुद्दा बिनतोड आहे. तंतुवाय, इंटरनेट-२ विद्यापीठांनी स्वतः उभं केलं, सदस्य म्हणून वर्गणी भरून. आपल्याकडे लाइन दिल्लीहून केंद्राच्या खर्चाने येते, म्हणून जिन्याखालचा स्विच तसाच राहतो. वर्गणी भरावी लागली तर कुलसचिव दुसऱ्याच दिवशी विचारतील की पैसे मोजलेला वेग जातो कुठे.

तंतुवाय:
जाब विचारायला वर्गणी कशाला हवी? नॅक, म्हणजे उच्च शिक्षणसंस्थांना श्रेणी देणारी संस्था, तिच्या कॉलेजांच्या मूल्यमापनात इंटरनेटच्या बँडविड्थचा (लाइनच्या वेगाचा) प्रश्न होता, सर्वांत वरचा पर्याय ‘५० एमबीपीएस किंवा अधिक’. म्हणजे लाइन घेतल्याचा कागद दाखवला की गुण. प्रयोगशाळेतल्या टेबलापर्यंत किती पोचलं, हा प्रश्नच नाही. पर्फसोनार ही वेग आणि गळती मोजणारी मुक्त प्रणाली फुकट मिळते. प्रत्येक विभागात एक यंत्र बसवा आणि आकडे संकेतस्थळावर लावा. वर्गणीचं म्हणाल तर पुणे-मुंबई भरेल, ताईंचं कॉलेज बाहेर राहील.

भीमथडी:
मोजमाप उघड लावा, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण मग ताईंच्या कॉलेजला शंभर टक्के अनुदान द्या आणि ऐपत असलेल्या संस्थांकडून पैसे घ्या, त्यातूनच तिकडचा फाटा निघेल. पुण्यातल्या श्रीमंत संस्थेचं बिल केंद्राने का भरायचं, याचं उत्तर इथे अजून कोणी दिलेलं नाही.