काडतुसं रीलोड करताना (वापरलेली पुन्हा भरताना) काय का घडतं हे समजावणारी पुस्तकं कोणती?

निशाणवेडी
.३०८ विंचेस्टर काडतुसाच्या रायफलीने कागदी लक्ष्यावर नेमबाजी करते. परवाना, प्रशिक्षण झालंय, दोन मॅन्युअलंही आहेत. त्यांत पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) साफ करण्यापासून गोळी बसवण्यापर्यंतच्या पायऱ्या नीट दिल्यात, पुढे नुसते तक्ते. पण काही वेळा वापरलेली पुंगळी बुडाजवळच का फाटते? याच काडतुसाची दाबमर्यादा कुठे ५२,००० तर कुठे ६२,००० का? खोलात जाणारं काही सुचवा. जुनं, जाडजूड, रुक्ष असलं तरी चालेल.

नळी_आणि_नोंदवही
डोळे झाकून 'हॅचर्स नोटबुक' घ्या. ज्युलियन हॅचर हे अमेरिकी लष्कराच्या ऑर्डनन्स विभागातले मेजर जनरल, पुस्तक १९४७ चं. रीलोडिंगच्या पायऱ्या त्यातून शिकायच्या नाहीत. ते वाचायचं हेडस्पेसच्या प्रकरणासाठी, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टपासून पुंगळी जिथे टेकते तिथपर्यंतच्या अंतराच्या.

तुमच्या पुंगळीचं दुखणं तेच आहे. .३०८ ची पुंगळी चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) खांद्यावर, म्हणजे मानेकडे निमुळती होते तिथे, टेकते. साइझिंग डायमध्ये (पुंगळी दाबून पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यात) खांदा गरजेपेक्षा मागे दाबला गेला की पुढे फट राहते. बार उडाला की पुंगळीची पातळ भिंत दाबाने चेंबरला घट्ट धरून बसते, जाड बूड मात्र बोल्टला टेकेपर्यंत मागे सरकतं. ओढ बसते ती बुडाच्या किंचित वर, आणि दर खेपेला तिथलं पितळ पातळ होत जातं. टोक वाकवलेली तार आतून फिरवून बघा, खाच लागली तर ती पुंगळी भंगारात टाका.

त्याच पुस्तकात १९०३ च्या स्प्रिंगफील्ड रायफलींचे रिसीव्हर (बोल्ट बसतो ती पोलादी चौकट) का फुटले याचा तपास आहे. तो मी पुन्हा पुन्हा वाचतो. कारागीर तापलेल्या पोलादाचा रंग डोळ्यांनी पाहून तापमान ठरवत. लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग फिका दिसे, पोलाद जास्त तापवलं जाई आणि ठिसूळ होई. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० खालच्या क्रमांकांच्या रायफलींकडे आजही संशयाने पाहतात ते यामुळेच. दाबाच्या मर्यादेशी खेळू नये असं सगळेच सांगतात, पण हे प्रकरण वाचल्यावर ते अंगात भिनतं.

दुसरं, विल्यम सी. डेव्हिस यांचं 'हँडलोडिंग'. नळीच्या आत काय घडतं हे इतक्या सरळ भाषेत मांडणारं दुसरं पुस्तक मला माहीत नाही. जुन्या पुस्तकांच्या बाजारात शोधा.

५२,००० आणि ६२,००० हे दोन्ही बरोबर आहेत, मोजण्याची रीत वेगळी. पहिला आकडा तांब्याचा छोटा दंडगोल किती चेपला त्यावरून काढलेला, दुसरा पायझो (दाबाचं विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या) सेन्सरचा, पीएसआयमध्ये (पौंड प्रति चौरस इंच). दाबाचं शिखर क्षणार्धात येऊन जातं आणि तांबं तेवढ्यात पूर्ण चेपत नाही, म्हणून ते कमी दाखवतं. एकावरून दुसरा काढायचं भरवशाचं सूत्र नाही, तेव्हा तशी गणितं करूच नका.

जुनी_एनफील्ड
वरच्या उत्तरात एक भर. ली-एनफील्ड रायफलीच्या .३०३ काडतुसाची पुंगळी बुडाच्या कडेवर टेकते, खांद्यावर नाही, आणि ली-एनफील्डचे चेंबर पुढे सैल असतात. एकदा उडवल्यावर पुंगळी त्या चेंबरच्या मापाची होते. त्याच रायफलीत वापरायची असेल तर फक्त मान साइझ करावी, पितळ बरंच जास्त टिकतं.

तक्त्यांसाठी लायमनचं मॅन्युअल ठेवा. लायमन स्वतः बंदुकीची दारू विकत नाही, त्यामुळे अनेक कंपन्यांच्या दारूचे आकडे एका ठिकाणी मिळतात. शिशाच्या ओतीव गोळ्यांची माहितीही चांगली आहे.

निशाणवेडी
आभार! तार फिरवून पाहिली, तीन पुंगळ्यांत खाच लागली. फिलिप शार्प यांचं १९३७ चं 'कम्प्लीट गाइड टू हँडलोडिंग' मिळतंय. घेऊ का?

नळी_आणि_नोंदवही
तीनही चेपून टाका, पुन्हा हाती येता कामा नयेत. डायची उंची गेजने तपासल्याशिवाय पुढची खेप भरू नका.

शार्प जरूर घ्या. .३५७ मॅग्नमच्या जडणघडणीत त्यांचा हात होता, आणि त्या काळची अवजारं, दारू यांची एवढी तपशीलवार माहिती क्वचित सापडते. मात्र त्यातला एकही चार्ज (दारूचं माप) वजनकाट्यावर येऊ देऊ नका. तेव्हाच्या कित्येक दारू बंद झाल्या, काहींचं नाव तेच राहिलं पण जळण्याचा वेग बदलला. भरताना आकडा घ्यायचा तो दारूच्या कंपनीच्या चालू तक्त्यातूनच, तोही सुरुवातीचा, कमाल नव्हे. मी जुनी पुस्तकं दुसऱ्या खोलीत ठेवतो, काडतुसं भरण्याच्या प्रेसजवळ फक्त ताजं मॅन्युअल.