इंटर्नशिपच्या डायरीत मुंबई लिहायची नाही का?

कृष्णाकाठची
आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे, कॉलेज आमच्या सांगलीकडचं. एक सेमिस्टर मुंबईत इंटर्नशिप. ऑफिस फोर्टात, राहायला डोंबिवलीला मावशीकडे. पहिले अडीच महिने एकच काम केलं: एका टॉवरमधल्या टॉयलेटांचे डिटेल्स. टाइल कुठून सुरू करायची, नहाणी ट्रॅप (जमिनीवरचं पाणी जायची जाळी) कुठे, बेसिन किती उंचीवर. दर आठवड्याची डायरी लिहून कॉलेजला दाखवावी लागते.

एका आठवड्यात मी ओव्हल मैदानाबद्दल लिहिलं, कारण जेवणाच्या सुट्टीत डबा तिथेच खायचे. पूर्वेला हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर, सगळं एकोणिसाव्या शतकातलं, टोकदार कमानींचं गॉथिक. मधे चार-पाच क्रिकेटच्या मॅचेस एकमेकींत घुसलेल्या. पश्चिमेला १९३० च्या दशकातली आर्ट डेको, म्हणजे गोलसर कोपऱ्यांची घरं. या दोन्ही बाजू २०१८ साली युनेस्कोच्या यादीत गेल्या. गॉथिकवाल्यांनी पावसापासून बचाव म्हणून खोल व्हरांडे दिले, डेकोवाल्यांनी खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे ओढले. पाऊस तोच, उत्तरं दोन, आणि एकीकडून दुसरीकडे जायला पाच मिनिटं. स्केचेससकट चार पानं झाली. डायरी परत आली तेव्हा वर लाल पेनाने लिहिलेलं: 'सहलीचा वृत्तांत नको, कामाचं लिहा.'

माझं म्हणणं, ती चार पानंच खरं काम होतं. टॉयलेट सांगलीत बसूनही काढता आलं असतं.

ओळंबा
तुझ्या सरांचं बरोबर आहे. तीस वर्षं साइटवर काढलीत म्हणून सांगतो, टॉयलेट सांगलीत बसून काढता येत नाही. कागदावर येतं. संक स्लॅब, म्हणजे टॉयलेटखालचा खोलगट स्लॅब, किती खाली, ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, कधी घालायचा, ढाळ ट्रॅपकडे जातो की दाराकडे, पाणी भरून किती दिवस ठेवायचं, हे कळलं का तुला? खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली की सोसायटी राजाबाई टॉवरला फोन करत नाही.

ओव्हल कुठे जात नाही. म्हातारपणी बघ. (मी अजून नीट बघितलेलं नाही, हेही सांगून टाकतो.)

चिंचपोकळीकर
ओळंबा, तुमच्याशी पटत नाही, पण पोरीशीही पटत नाही. बाहेरून येणाऱ्याची मुंबई फोर्टात सुरू होते आणि मरीन ड्राइव्हला संपते. त्यालाच संस्कृती म्हणायचं. साहेबाची कचेरी आणि शेटजींचा फ्लॅट, यांच्यामधल्या मैदानात बसून डबा खाल्ला की मुंबई कळली!

ताई, वरळीला जांबोरी मैदानाशी जा. बीडीडी चाळी बघ, १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची, आणि संडास मजल्याच्या टोकाला सगळ्यांचे मिळून. अडीच महिने टॉयलेटच काढत होतीस ना? मग हे बघितलंस का, की वीस घरं एका रांगेत वाट बघत उभी राहतात तेव्हा काय होतं? १९८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्या त्या पडल्याच, पण त्या रांगा राहिल्या. आता तिथे ५०० फुटांची घरं होताहेत. उरलेल्या चाळी पाडायच्या आत जा.

डोंबिवलीची काकू
इतिहास राहू द्या. आमच्याकडेही एक भाचा आला होता तीन महिने. रात्री साडेदहाला दारात, सकाळी सातला डबा हातात. रविवारी म्हणे हेरिटेज बघायला जातो. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो रे बाबा! झोपा की जरा. या मुलांचे डोळे बघा एकदा, मग डायरीत काय लिहायचं ते ठरवा.

नांदेडी
मला या धाग्याचीच गंमत वाटायलीय. सगळे जण ती मुंबईत राहणार हे धरूनच बोलताहेत. डोंबिवलीत मावशी आहे म्हणून ओव्हल दिसला. माझी मावशी किनवटला आहे.

मलाही फोर्टातूनच बोलावणं आलं होतं. पहिले दोन महिने पैसे काहीच नाहीत, मग 'बघू'. कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीत एका खाटेपुरतं, राहायचं तरी डिपॉझिट, मेस, पास. घरी हिशेब मांडला आणि नांदेडातच एका कॉन्ट्रॅक्टरकडे बसलो. पंतप्रधान इंटर्नशिप योजना २०२४ साली सुरू झाली तेव्हा तिच्यात महिना ५००० रुपये होते, पण पूर्णवेळ शिकणाऱ्याला तिथे जागा नव्हती. त्याच वर्षीच्या राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला १०,००० होते, तीही शिक्षण संपलेल्यांसाठी. म्हणजे कॉलेज सक्तीने पाठवणार आणि पैसे देताना सगळे म्हणणार, तू तर अजून विद्यार्थी.

ओळंबा सर, तुमच्या ऑफिसात इंटर्नला किती देता?

कृष्णाकाठची
काकू, मेगाब्लॉकचं खरंय. एका रविवारी ठाण्यालाच दीड तास अडकले आणि तिथूनच परत फिरले.

ओळंबा काका, साइटवर मला अडीच महिन्यांत एकदाच नेलं. ढाळ दाराकडेच होता. मी बोलले, तर सुपरवायझर म्हणाला, 'मॅडम, तुमच्या ड्रॉइंगमध्ये बाण नाही.' खरंच नव्हता. तेव्हा तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पण तेही डायरीत लिहिलं नाही, कारण ऑफिसची चूक लिहायची नाही असं ऑफिसनेच सांगितलंय.

चिंचपोकळीकर, काल गेले होते जांबोरी मैदानाला. आत कशी शिरू, म्हणून बाहेरच उभी होते. एका आजींनी विचारलं, 'सर्व्हेवाली का गं?' नाही म्हटल्यावर वर बोलावलं. त्यांच्या गॅलरीत बसून पॅसेजची रुंदी पावलांनी मोजली. टोकाची रांगही बघितली. टॉवरच्या एका फ्लॅटमध्ये मी तीन टॉयलेटं काढलीत, हे त्यांना सांगायची लाज वाटली. लिहिलंय सगळं, यावेळी सहा पानं. सर काय करतील ते करोत.

नांदेडी, तुला उत्तर नाही माझ्याकडे. मावशी नसती तर मीही मिरजेतच असते.

ओळंबा
बाण नाही म्हणजे काय? ढाळाचा बाण नसलेलं ड्रॉइंग ऑफिसातून बाहेर पडतंच कसं? तुझ्या सीनिअरने सही काय बघून केली?

नांदेडी
सर, किती देता ते राहिलं.