लॉग पी वरून काढलेला पीकचा क्रम चुकतोय

प्रश्न (पीकशोधक)
एचपीएलसीवर (द्रवाच्या प्रवाहात घटक वेगळे करायची पद्धत; प्रत्येक घटकाचा एक पीक) तीन औषधं आहेत. सी१८ कॉलम (तेलकट रेणूंना धरून ठेवणारा), १५० × ४.६ मिमी, ५ मायक्रॉन. २० मिलिमोलार फॉस्फेट बफर (पीएच ३.०) आणि अ‍ॅसिटोनायट्राइल ६०:४०, फ्लो १ मिलि/मिनिट. लॉग पी (तेलकटपणाचं माप; जास्त असेल तर कॉलममधून उशिरा बाहेर): कार्बामाझेपिन २.४५, नॅप्रोक्सेन ३.२, प्रॉप्रॅनोलॉल ३.५. या हिशेबाने प्रॉप्रॅनोलॉल शेवटी यायला हवं, पण ते सर्वांत आधी, जवळजवळ व्हॉइडलाच (कॉलमवर अजिबात न थांबणारं द्रव्य येतं त्या वेळेलाच) येतंय. बाकी दोघांचा क्रम बरोबर आहे. रचनेवरून अंदाज बांधायचा तरी कसा?

उत्तर (बफरवाला)
लॉग पी उदासीन रेणूचा असतो. प्रॉप्रॅनोलॉलचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू भारित असतात तो) ९.५ च्या आसपास, म्हणजे पीएच ३ ला त्याचा अमाइन गट पूर्ण प्रोटोनेटेड, म्हणजेच धनभारित, आणि भारित रेणू सी१८ वर फारसा थांबत नाही. नॅप्रोक्सेनचा पीकेए ४.१५, त्यामुळे ते ९३ टक्के उदासीन राहतं. तेव्हा त्या पीएचचा लॉग डी (भारित रेणूही धरून काढलेलं तेच माप) वापरा. सूत्राने प्रॉप्रॅनोलॉलचा लॉग डी −३ येईल, तो मात्र शब्दशः घेऊ नका. आयन-पेअरिंगमुळे (विरुद्ध भाराच्या आयनाशी जोडी जमल्यामुळे) प्रत्यक्षात इतका खाली जात नाही. क्रम ठरवायला तेवढं पुरतं.

बफर पीकेएपासून दीड-दोन युनिट लांब ठेवा. पीएच ४.२ ला नॅप्रोक्सेनचा पीक ०.१ च्या फरकानेही सरकतो. शिवाय अ‍ॅसिटोनायट्राइल मिसळल्यावर आम्लांचा पीकेए वर जातो, बेसचा खाली. टेबलातले आकडे पाण्यातले असतात, हे बरेच जण विसरतात.

उत्तर (ग्रेडियंटप्रेमी)
क्रम ठीक, पण मिनिटं हवी असतील तर रचना पुरत नाही. लॉग के = लॉग केडब्ल्यू − एस × फाय (के म्हणजे कॉलमवर किती थांबतो त्याचं माप, केडब्ल्यू म्हणजे नुसत्या पाण्यातला के, फाय म्हणजे अ‍ॅसिटोनायट्राइलचा अंश, एस म्हणजे उतार); एस साधारण ०.२५ × √रेणुभार. नॅप्रोक्सेनसाठी (२३०) ३.८ येतो, म्हणजे अ‍ॅसिटोनायट्राइल ४० वरून ३० टक्के केलं की के सुमारे २.४ पट. पण कार्बामाझेपिनचा रेणुभार २३६, त्यामुळे तोही ३.८! सिलेक्टिव्हिटी (दोन पीक एकमेकांपासून किती वेगळे होतात ते) या सूत्रातून कळणार नाही. त्यासाठी अ‍ॅसिटोनायट्राइल ५ ते ९५ टक्के हळूहळू वाढवत नेणारे दोन ग्रेडियंट चालवा, २० आणि ६० मिनिटांचे, तापमान तेच ठेवून. दोन्हींवरून प्रत्येकाचा एस काढा. पंपाचा ड्वेल व्हॉल्यूम (द्रव मिसळतात तिथून कॉलमपर्यंतचं आकारमान) धरला नाही तर सुरुवातीच्या पीकचे अंदाज हमखास बिघडतात.

पीकशोधक
प्रॉप्रॅनोलॉलला अजून थांबवायचं असेल तर?

बफरवाला
ग्रेडियंट १०-१५ टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलपासून सुरू करा, सोपा मार्ग तोच. पीएच १० ला ते जोरात धरलं जाईल, पण साधी सिलिका तिथे विरघळते; हायब्रिड कॉलमच (सिलिकात सेंद्रिय भाग गुंफलेला) हवा. आणि तिथे नॅप्रोक्सेन आयनित होऊन लवकर बाहेर पडेल.